निरोगी माणसाच्या अंगातले व्हायरस अभ्यासायचेत? सुरुवात इथून करा

व्हायरस म्हटलं की आपल्याला सर्दी, ताप, साथ एवढंच आठवतं, पण ठणठणीत माणसाच्या आतड्यात, तोंडात, कातडीवर, अगदी रक्तातसुद्धा व्हायरस असतात आणि तेही थोडेथोडके नाहीत, एक ग्रॅम शौचात साधारण १०० कोटींच्या घरात व्हायरससारखे कण मोजले गेलेत. या सगळ्या गोतावळ्याला व्हायरोम म्हणतात. मायक्रोबायॉलॉजी किंवा बायोइन्फर्मॅटिक्स शिकणाऱ्या बऱ्याच मुलामुलींना यात काम करायचं असतं, पण सुरू कुठून करायचं तेच कळत नाही आणि मग सगळे थेट सिक्वेन्सिंगवर, म्हणजे मशीनने डीएनएची अक्षरं वाचण्यावर, उडी मारतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते, व्हायरस सापडणं आज सोपं झालंय, पण सापडलेला व्हायरस खरंच त्या माणसात राहतो हे दाखवणं अवघड आहे आणि तुमची निम्मी मेहनत तिथेच जायला हवी.

आधी तुम्हाला काय काय दिसणार आहे ते माहीत हवं. आतड्यातले बहुतेक व्हायरस माणसाला हातच लावत नाहीत, ते बॅक्टेरियाला लागणारे फेज असतात. मग माणसाच्या पेशींमध्ये राहणारे, म्हणजे हर्पीस कुळातले (ईबीव्ही, म्हणजे एपस्टाइन-बार व्हायरस, तर ९० टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांना कधीतरी लागून गेलेला असतो आणि आयुष्यभर आत बसून राहतो), कातडीवरचे पॅपिलोमा आणि पॉलिओमा, आणि अॅनेलोव्हायरस. या अॅनेलोंमधला पहिला, टीटीव्ही, १९९७ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या रक्तात सापडला, तेव्हा वाटलं कावीळ यानेच होते, नंतर कळलं की तो जवळपास सगळ्यांच्याच रक्तात असतो आणि त्याने काही होतं असं दाखवता आलेलं नाही. तिसरा गट पाहुण्यांचा, खाण्यातून आले आणि निघून गेले. २००६ मध्ये निरोगी लोकांच्या शौचातले आरएनए व्हायरस पाहिले तर त्यात बहुतेक वनस्पतींचे निघाले आणि सगळ्यात जास्त होता मिरचीच्या झाडाला लागणारा एक व्हायरस. आणि चौथा गट आपल्या स्वतःच्या डीएनएत आहे, माणसाच्या जीनोमचा जवळजवळ ८ टक्के भाग जुन्या रेट्रोव्हायरसांचे अवशेष आहेत. हे चारही तुमच्या डेटात एकत्र येणार आहेत आणि मशीन काही तुम्हाला सांगणार नाही की कोण घरचा आणि कोण पाहुणा.

आता प्रश्न ठरवा. "निरोगी लोकांचा व्हायरोम बघायचाय" हा प्रश्न नाही होत. कुठली जागा, किती दिवस, कशाशी तुलना, हे हवं. माझं स्पष्ट मत असं आहे की पैसे कमी असतील तर शंभर लोकांचं एकेक सॅम्पल घेण्यापेक्षा दहा लोकांची वर्षभर पुन्हा पुन्हा सॅम्पल घ्या. कारण काय, तर आतड्यातले फेज अतिशय वैयक्तिक असतात. २०१० मध्ये जुळ्या बहिणी आणि त्यांच्या आयांवर एक अभ्यास झाला, त्यात एकसारख्या जुळ्यांचे फेजसुद्धा एकमेकींपेक्षा वेगळे निघाले, पण एकाच बाईचे फेज वर्षभर बऱ्यापैकी तेच राहिले. म्हणजे दोन माणसांमधला फरक इतका मोठा असतो की एकदाच घेतलेल्या सॅम्पलवरून तुम्ही "हा निरोगी नमुना" असं म्हणूच शकत नाही. आणि वेळोवेळी घेतलेल्या सॅम्पलचा दुसरा फायदा असा की जो व्हायरस दर महिन्याला दिसतो तो राहणारा असायची शक्यता वाढते आणि जो एकदाच दिसून गेला तो बहुधा जेवणातला.

निरोगी म्हणजे कोण हेही कागदावर लिहून ठेवा. गेल्या काही आठवड्यांत ताप-जुलाब नाहीत, गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक नाही, असं काहीतरी. लहान मुलं घेत असाल तर लसींची तारीख विचाराच, कारण तोंडावाटे दिलेल्या रोटाव्हायरसच्या लसीतला जिवंत पण सौम्य केलेला व्हायरस नंतर काही दिवस शौचातून बाहेर पडत असतो आणि तुम्हाला वाटेल मोठा शोध लागला. आदल्या दोन दिवसांत काय खाल्लं, घरात कोण कोण आहे, पाळीव प्राणी आहे का, ही माहिती सॅम्पलसोबत घ्या, नंतर फोन करून विचारलेलं कुणाला आठवत नाही.

एथिक्स कमिटीची परवानगी ही नुसती सही नाही हो. तुमच्या सॅम्पलमध्ये त्या माणसाचा स्वतःचा डीएनए असतो, आणि रक्त किंवा स्वॅब असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, कॅन्सरशी संबंधित पॅपिलोमा असं काहीही दिसू शकतं. ते दिसलं तर सांगायचं का, कोण सांगणार, पक्की टेस्ट कुठे होणार, हे संमतीच्या फॉर्ममध्ये आधी असलं पाहिजे. विश्वासाने सॅम्पल देणाऱ्या माणसाला आपण एवढं तर देणं लागतो.

आता सॅम्पल. शौच असेल तर लवकरात लवकर थंड करा, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून उणे ८० डिग्रीला ठेवा. वाटून ठेवणं महत्त्वाचं, कारण एकच मोठी नळी दर वेळी वितळवून परत गोठवली की कण फुटतात आणि आरएनए तर जातोच. लाळ घ्यायची असेल तर त्याआधी थोडा वेळ खाणंपिणं नको. कातडी सगळ्यात कठीण, तिथे मालच इतका कमी असतो की स्वॅबवर आलेल्यापेक्षा डीएनए काढायच्या किटमधून आलेला डीएनए जास्त असू शकतो, म्हणून नवशिक्यांनी कातडीपासून सुरुवात करू नये असं मी आवर्जून सांगते. रक्तात आधी ठरवा की पूर्ण रक्त की प्लाझ्मा, कारण पूर्ण रक्तात पेशींच्या आत दडलेले व्हायरस येतात, प्लाझ्मात बाहेर फिरणारे. ८,२४० लोकांच्या रक्ताच्या जीनोम सिक्वेन्सिंगचा डेटा चाळून २०१७ मध्ये एक पेपर आला होता, त्यात ४२ टक्के लोकांमध्ये माणसाला लागणारे कुठले ना कुठले व्हायरस दिसले. पण बघा हं, एचएचव्ही-६ नावाचा हर्पीस व्हायरस साधारण १ टक्का लोकांच्या गुणसूत्रातच जोडलेला असतो, आईबापांकडून आलेला, प्रत्येक पेशीत एक कॉपी. अशा माणसाच्या रक्तात तो भरमसाट दिसणार आणि तुम्ही म्हणाल केवढं इन्फेक्शन, प्रत्यक्षात इन्फेक्शन नाहीच.

आता ब्लँक, आणि याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण इथेच लोक पैसे वाचवतात. ब्लँक म्हणजे सॅम्पल न घालता बाकी सगळं तसंच करायचं, रिकामा स्वॅब, रिकामा बफर, रिकामी एक्स्ट्रॅक्शन नळी, आणि ते सगळं सिक्वेन्सही करायचं. नुसतं "जेलवर काही दिसलं नाही" म्हणून सोडून द्यायचं नाही. २०१३ मध्ये काय झालं ते ऐका. हिपॅटायटिसच्या पेशंटांमध्ये, ज्यांचा नेहमीचा कुठलाच व्हायरस सापडत नव्हता, एक नवा पार्व्होसारखा व्हायरस सापडल्याचं जाहीर झालं, मोठी खळबळ उडाली. दुसऱ्या एका टीमलाही जवळजवळ तोच व्हायरस सापडला, पण तो पार वेगवेगळ्या सॅम्पलमध्ये दिसत होता, म्हणून त्यांना शंका आली. त्यांनी उलट माग काढला तेव्हा कळलं की तो पेशंटांमध्ये नव्हताच, डीएनए काढायच्या त्या छोट्या सिलिकाच्या कॉलममधून येत होता. नुसतं पाणी कॉलममधून सोडलं तरी व्हायरस हजर! सिलिका बहुधा समुद्री डायटमपासून येते, आणि डायटमला लागणाऱ्या व्हायरसाचा डीएनए त्यासोबत आला असावा असा त्यांचा अंदाज होता. त्याआधी एक्सएमआरव्ही नावाच्या रेट्रोव्हायरसाचं असंच झालेलं, २००९ मध्ये क्रॉनिक फटीगशी (सतत प्रचंड थकवा राहण्याच्या आजाराशी) त्याचा संबंध जोडला, हजारो आजारी लोकांना आशा लागली, आणि शेवटी लॅबमधलं कंटॅमिनेशन निघून २०११ मध्ये पेपर मागे घ्यावा लागला. म्हणून दर बॅचला ब्लँक, नवीन किटचा लॉट उघडला की परत ब्लँक, आणि कुठलं सॅम्पल कुठल्या लॉटमध्ये केलं ते वहीत लिहिलेलं. आणि निरोगी लोकांची सगळी सॅम्पल एका दिवशी आणि आजाऱ्यांची दुसऱ्या दिवशी असं कधीच करू नका, मिसळून करा, नाहीतर दोन लॉटमधला फरक तुम्ही दोन गटांमधला फरक म्हणून छापाल.

लॅबमध्ये दोन रस्ते आहेत. एक, सगळा डीएनए काढा आणि सिक्वेन्स करा, त्यातून व्हायरसचे तुकडे नंतर कॉम्प्युटरवर शोधा. सोपं आहे, बॅक्टेरियाही कळतात, त्यांच्या जीनोममध्ये लपलेले प्रोफेजही दिसतात, पण व्हायरसचा वाटा कमी येतो आणि आरएनए व्हायरस राहून जातात. दुसरा, आधी व्हायरसचे कण वेगळे करायचे. हे असं चालतं, साधारण अर्धा ग्रॅम शौच एसएम बफरमध्ये (फेजसाठी वापरतात ते मिठाचं द्रावण) घोळवायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी फिल्टरमधून काढायचं म्हणजे बॅक्टेरिया अडकतात आणि व्हायरस खाली येतात. मग पीईजी (कण खाली बसवणारं रसायन) घालून किंवा अल्ट्रासेंट्रीफ्यूजने कण एकत्र करायचे, डीएनेज आणि आरएनेज घालून कणांच्या बाहेर मोकळा फिरणारा सगळा डीएनए-आरएनए खाऊन टाकायला लावायचा, आणि त्यानंतर कवच फोडून आतला माल काढायचा. इथली सगळी गंमत क्रमात आहे. व्हायरसचा डीएनए कवचात सुरक्षित असतो म्हणून डीएनेज त्याला हात लावू शकत नाही, पण कवच फोडायच्या आधी ते डीएनेज नीट निकामी केलं नाही तर कवच उघडताक्षणी तेच तुमचा व्हायरसही खाऊन टाकतं. किटमध्ये दिलेला निकामी करायचा वेळ घाईत कमी करू नका.

प्रत्येक पायरीला काही ना काही हरवतं, ते माहीत असू द्या. ०.२२ मायक्रोमीटरचा फिल्टर वापरला तर बॅक्टेरिया छान अडकतात पण त्यांच्यासोबत मोठे व्हायरसही अडकून हरवतात, ०.४५ चा वापरला तर थोडे बॅक्टेरिया निसटतात. मी ०.४५ घेऊन नंतर बॅक्टेरियाचा डीएनए किती उरलाय ते १६एस (बॅक्टेरियातलं ओळखीचं जीन) च्या क्यूपीसीआरने मोजण्याच्या बाजूची आहे. क्लोरोफॉर्मने उरलेले बॅक्टेरिया फुटतात खरे, पण ज्या व्हायरसांना चरबीचं आवरण असतं तेही गेले. आणि डीएनए कमी आला म्हणून एमडीए नावाच्या कॉपी काढायच्या पद्धतीने वाढवायचा मोह होतो, तो टाळा, कारण त्यातलं फाय२९ एन्झाइम छोट्या गोल एकपदरी डीएनएला इतकं भरभरून वाढवतं की अॅनेलो आणि मायक्रोव्हायरस (एक प्रकारचे छोटे फेज) सगळीकडे पसरल्यासारखे दिसतात आणि किती टक्के कोण हा हिशोबच खोटा होतो. उलट फक्त दुपदरी डीएनए धरणारं लायब्ररी किट (सिक्वेन्सिंगसाठी डीएनए तयार करणारं) घेतलं तर हेच व्हायरस गायब. कुठलंही निवडा पण काय निवडलं ते लिहा आणि सगळ्या सॅम्पलना तेच वापरा. एक छान युक्ती म्हणजे माणसात न आढळणारा एक ओळखीचा फेज ठरलेल्या संख्येने सुरुवातीलाच सॅम्पलमध्ये घालायचा, शेवटी त्याचे किती रीड्स (मशीनने वाचलेले छोटे तुकडे) आले त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधता येतो.

मायक्रोस्कोपखाली एसवायबीआर गोल्डने रंगवून कण मोजणंही करा, हिरवे चमकणारे ठिपके बघायला मिळतात, फक्त प्रत्येक ठिपका व्हायरस नसतो, बॅक्टेरियाने सोडलेल्या डीएनए असलेल्या फुग्यांसारख्या पिशव्याही तशाच चमकतात. आणि हे सगळं लॅबमध्ये, ग्लोव्हज घालून, बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये, घरी नाही.

लॅब नाहीये? काही हरकत नाही, खरं तर मी सगळ्यांनाच आधी दुसऱ्यांच्या डेटावर हात बसवायला सांगते. एसआरए या सिक्वेन्सिंग डेटाच्या खुल्या साठ्यावर शौच, लाळ, कातडी सगळ्याचा डेटा फुकट पडलाय आणि गॅलक्सीसारख्या फुकट सर्व्हरवर आपला साधा लॅपटॉप असला तरी काम होतं. क्रासफेजची गोष्ट याचसाठी मला फार आवडते. २०१४ मध्ये काही लोकांनी आधीच प्रसिद्ध झालेला डेटा घेतला, वेगवेगळ्या माणसांचे रीड्स एकत्र जुळवले, आणि त्यातून साधारण ९७ हजार बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) एक फेज बाहेर आला जो त्या डेटात कितीतरी लोकांमध्ये भरपूर होता आणि तोपर्यंत कुणालाच माहीत नव्हता. कुणी काही नवीन सॅम्पल घेतलंच नव्हतं! लॅबमध्ये त्याचा एक भाऊबंद वाढवायला मात्र २०१८ उजाडलं.

कॉम्प्युटरवरचा रस्ता थोडक्यात असा. फास्टपीने खराब रीड्स काढा, बोटाय २ ने माणसाचे रीड्स काढा (हे आधी, कारण प्रायव्हसी), व्हायरोमक्यूसीने बघा की कण वेगळे करण्याचं काम किती नीट झालं होतं, मग मेटास्पेड्स किंवा मेगाहिटने असेंब्ली, म्हणजे रीड्स जोडून लांब तुकडे (कॉन्टिग) बनवणं. कॉन्टिगांमधून व्हायरस ओळखायला जीनोमॅड किंवा व्हिरसॉर्टर २, किती पूर्ण आहेत ते बघायला चेकव्ही, आणि मग ९५ टक्के सारखेपणा आणि ८५ टक्के लांबी या नेहमीच्या मापाने एकसारखे कॉन्टिग एकत्र करा. दोन टूल वापरा, दोन्हीत येईल त्यावर जास्त भरवसा ठेवा.

इथे एक जागा आहे जिथे खूप जण फसतात. बहुतेक पाइपलाइन सांगतात की ५ हजार किंवा १० हजार बेसपेक्षा छोटे कॉन्टिग टाकून द्या, कारण छोट्या तुकड्यांत चुकीची ओळख जास्त होते. ठीक आहे, पण अॅनेलोव्हायरसचा पूर्ण जीनोमच ४ हजारांच्या आत असतो आणि मायक्रोव्हायरसचा साधारण ४ ते ६ हजार! म्हणजे तुम्ही माणसात सगळ्यात सर्रास आढळणारे व्हायरस आपल्या हाताने कचऱ्यात टाकले आणि वर लिहिलं की आमच्या लोकांत अॅनेलो आढळले नाहीत. म्हणून छोटे कॉन्टिग फेकायच्या आधी त्यातले गोल जुळणारे, म्हणजे ज्यांचं शेपूट आणि डोकं एकमेकांवर बसतं ते वेगळे काढा आणि नीट तपासा.

शेवटी खूपसे कॉन्टिग असे उरतील जे कशाशीच जुळणार नाहीत. घाबरू नका, या क्षेत्रात असंच असतं. २०२१ मध्ये आलेल्या एका आतड्याच्या फेज डेटाबेसमध्ये १,४२,००० च्या वर वेगवेगळे जीनोम आहेत, तरी तुमच्या सॅम्पलमध्ये नवीन निघतातच. हे फेज कुणाला लागतात ते कळायला बॅक्टेरियाचे क्रिस्पर स्पेसर बघा, बॅक्टेरिया आधी झालेल्या हल्ल्यांचे तुकडे तिथे जपून ठेवतात, ते तुमच्या फेजशी जुळले तर यजमान सापडला. आयफॉप नावाचं टूल असे बरेच पुरावे एकत्र करून देतं.

आता परत मूळ मुद्द्यावर, राहणारा की पाहुणा. मी एखादा व्हायरस त्या माणसाचा आहे असं म्हणायच्या आधी हे बघते: तो ब्लँकमध्ये नाही ना, एकाच रनमधल्या शेजारच्या सॅम्पलमध्ये तो प्रचंड आणि इथे चिमूटभर असं तर नाही ना (काही रीड्स चुकून दुसऱ्या सॅम्पलच्या नावावर नोंदले जातात), नंतरच्या सॅम्पलमध्ये परत दिसतो का, दुसऱ्या कंपनीच्या किटने नव्याने डीएनए काढून पीसीआर केलं तर येतो का, फेज असेल तर त्याचा बॅक्टेरिया त्या माणसात आहे का, आणि रीड्स पूर्ण जीनोमवर पसरलेत की एकाच कोपऱ्यात ढीग लागलाय. एकाच जागी ढीग म्हणजे बहुतेक वेळा तो भाग माणसाच्या किंवा बॅक्टेरियाच्या जीनोमशी जुळतोय, व्हायरसचा बाकी भाग तिथे नाहीच. हे सगळं होऊन टिकला तर मग लिहा.

एवढा खटाटोप कशाला असं वाटत असेल तर दोन उदाहरणं देते. अवयव बदललेल्या पेशंटांमध्ये रोगप्रतिकारशक्ती औषधांनी जितकी दाबली जाते तितकी टीटीव्हीची संख्या वाढते, म्हणून औषध जास्त झालं की कमी हे या निरुपद्रवी व्हायरसावरून ओळखता येईल का यावर काम चालू आहे. आणि २०२० मध्ये बाळांच्या पहिल्या शौचापासून पाहिलं तेव्हा जन्मल्यावर कण जवळजवळ नसतात, महिन्याभरात ग्रॅमला १०० कोटी होतात, ते मुख्यतः आतड्यात आधी येऊन बसलेल्या बॅक्टेरियाच्या प्रोफेजमधून, आणि चौथ्या महिन्यापर्यंत माणसाच्या पेशींचे व्हायरस दिसायला लागतात, जे आईचं दूध पिणाऱ्या बाळांमध्ये कमी असतात. ही दोन्ही कामं निरोगी माणसात साधारण काय असतं हे नीट मोजल्याशिवाय झालीच नसती.

डेटा अपलोड करताना माणसाचे रीड्स काढलेत ना ते शेवटचं एकदा तपासा, कुठल्या सॅम्पलला कुठला किट लॉट आणि कुठला फिल्टर ते सोबतच्या तक्त्यात भरा, आणि ओळख न पटलेले कॉन्टिगही टाका, ब्लँकचे रीड्सही टाका, वेगळं नाव देऊन, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला तोच तुकडा सापडला तर तो किटमधला आहे की माणसातला हे त्यांना लगेच पडताळता येईल.